भिंतीआडचा इंजिनीअर

नळाला पाणी येते, दिवा लागतो, लिफ्ट वर जाते, यात नवल ते काय? पण नवल आहे! आणि ते घडवणारा एक माणूसही आहे. त्याचे नाव मात्र इमारतीच्या पाटीवर सहसा दिसत नाही.

नवा फ्लॅट पाहायला गेलेले कुटुंब काय काय पाहते? आई ओट्याची लांबी पाहते, वडील मनातल्या मनात कर्जाचा हप्ता मांडतात, मुले गॅलरीकडे धावतात आणि आजी देवघर कोणत्या दिशेला येईल ते विचारते. फरशीचा रंग, खिडक्यांच्या काचा, दाराची मूठ या सगळ्यांवर चर्चा होते. भिंतीच्या आत काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

पण राहायला गेल्यावर रोजची गाठ पडते ती त्या भिंतीआडच्या वस्तूंशीच. सकाळी सात वाजता सातव्या मजल्यावर नळ सोडला, तर पाणी येते की नुसता फुसफुस आवाज? गिझर आणि इस्त्री एकदम लावली की दिवे जातात का? वरच्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी आपल्या छतातून ठिबकते का? आणि देव न करो, पण रात्री आग लागली, तर जिन्यातून सुखरूप खाली उतरता येईल का?

या प्रश्नांची उत्तरे इमारत उभी राहण्याआधी कागदावर मांडणारा तज्ज्ञ म्हणजे बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनीअर, म्हणजेच इमारत-सेवांचा अभियंता. मुंबई-पुण्याच्या साइटवर त्याला ‘सर्व्हिसेसवाले’ म्हणतात, तर आखाती देशांत हाच व्यवसाय ‘एमईपी’ या तीन अक्षरांनी ओळखला जातो. एम म्हणजे मेकॅनिकल, ई म्हणजे इलेक्ट्रिकल आणि पी म्हणजे प्लंबिंग.

इमारत म्हणजे एक शरीर मानले, तर आर्किटेक्ट तिला रूप देतो आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर तिला हाडे देतो. पण नुसत्या रूपाने आणि हाडांनी शरीर जगत नाही. श्वास, रक्ताभिसरण आणि मज्जातंतू हवेतच. इमारतीत ही कामे हवा, पाणी आणि वीज करतात.

ही विद्या आपल्याला नवी नाही

या व्यवसायाचे नाव इंग्रजी असले, तरी काम आपल्या मातीत जुनेच आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणले गेले. पंप नाही, वीज नाही; केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत आले. वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले होते. नळात अडकलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा, अशी ती सोय. आजच्या उंच इमारतीतल्या सांडपाण्याच्या पाइपाला गच्चीपर्यंत जे हवेचे तोंड ठेवतात, ते याच उच्छ्वासाचे नात्यातले!

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्कीही तशीच. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणायचे, उंच भिंतीत चढवायचे आणि वरून सोडून जाते फिरवायचे. पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत आपोआप चढते, हा नियम त्या कारागिरांनी चांगला ओळखला होता.

पुढे यंत्रयुग आले. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा खाली कोसळला नाही, कारण दोर तुटताच पकड घेणारा ब्रेक त्याने बसवला होता. लिफ्ट सुरक्षित झाली आणि म्हणूनच इमारती उंच होऊ शकल्या. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनीअरने हवेतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारे यंत्र तयार केले. आज ज्याला आपण ‘एसी’ म्हणतो, त्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदाच्या सुखासाठी झाला, हे ऐकून गंमत वाटते!

पाण्याचा हिशेब

इमारत-सेवांच्या इंजिनीअरची पहिली बेरीज पाण्याची असते. भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये निघाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे, असे ती सांगते. त्यातले ४५ लिटर नुसते संडासाच्या फ्लशला लागते आणि बाकीचे ९० लिटर आंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक व पिण्यासाठी.

समजा, एका सोसायटीत ८० बिऱ्हाडे आहेत आणि घरटी सरासरी पाच माणसे आहेत. म्हणजे ४०० माणसे झाली. त्यांना रोज ५४,००० लिटर पाणी हवे. हे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत साठणार, मग पंपाने गच्चीवर चढणार आणि तिथून घरोघर उतरणार. महापालिकेचे पाणी दिवसातून किती वेळ येते, त्यावर टाकीचा आकार ठरतो. याशिवाय आग विझवण्यासाठीचा साठा वेगळा ठेवावा लागतो. टंचाईच्या दिवसांत ‘ते पाणी नुसतेच पडून आहे’ म्हणून त्याला हात लावायचा नसतो.

मग येतो दाबाचा प्रश्न. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. वीस मजली इमारतीत गच्चीवरची टाकी तळमजल्यापासून साठ मीटर वर असते. म्हणजे तळमजल्याच्या नळावर सहा किलोचा दाब! तोटी उघडली की पाणी अंगावर उडेल, वॉशर वारंवार जातील आणि गिझरचे सांधे गळू लागतील. उलट, सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दोन-चार मीटरच असल्याने शॉवर रडतखडत चालेल. म्हणून खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आणि वरच्यांसाठी दाब वाढवणारा पंप बसवतात. ‘आमच्याकडे पाणी जोरात येत नाही’ या तक्रारीवरून सोसायटीच्या सभेत जी भांडणे होतात, त्यांतली निम्मीअधिक या साध्या गणिताशी येऊन थांबतील.

मोरीतले वाटीभर पाणी

स्वच्छ पाणी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच घाण पाणी नेणेही. मोरीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडे पाणी कायम साचलेले राहते. बेसिनखालच्या वाकड्या पाइपातही तसेच पाणी असते. अनेकांना वाटते, प्लंबरने काम अर्धवट ठेवले. प्रत्यक्षात ते पाणी म्हणजे एक झाकण असते. गटारातली दुर्गंधी, झुरळे आणि रोगजंतू घरात येऊ नयेत, म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते.

हे झाकण किती मोलाचे आहे, याचा धडा २००३ मध्ये हाँगकाँगने घेतला. सार्सची साथ चालू असताना ‘अमॉय गार्डन्स’ या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात असे दिसले की, अनेक घरांच्या मोऱ्यांतल्या ट्रॅपमधले पाणी आटून गेले होते. बाथरूमचा पंखा लावला की, तो सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरात ओढून घेई. एका घरातला रोग पाइपाच्या वाटेने दुसऱ्या घरात शिरला. शेजाऱ्याचे तोंडही न पाहता त्याचा आजार घरी आला!

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. पाहुण्यांची म्हणून जी मोरी वापरात नसते, तिच्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे. सुट्टीत गावाहून परतल्यावर घरात वास आला, तर फिनेल शोधण्याआधी सगळ्या मोऱ्यांत पाणी टाकावे. इंजिनीअरने नकाशावर आखलेले झाकण जपायचे असते ते घरातल्या माणसांनीच.

विजेची वाट

पन्नास वर्षांपूर्वीच्या घरात काय असे? दोन-तीन बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. आज त्याच घरात फ्रिज, गिझर, मिक्सर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, एसी आणि जिथे तिथे मोबाइलचे चार्जर आले आहेत. भिंतीतली तार मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच! २,००० वॅटचा गिझर एकटा जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक तारेवर असला भार पडला की तार आतल्या आत तापते, तिचे आवरण कडक होऊन तडकते आणि एके दिवशी ठिणगी पडते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येते, ‘आगीचे कारण शॉर्टसर्किट’. पण खरे कारण त्याच्या कितीतरी वर्षे आधी घडलेले असते.

इमारत-सेवांचा इंजिनीअर घरातल्या प्रत्येक उपकरणाचा भार मांडतो. कोणती उपकरणे एकाच वेळी चालतील याचा अंदाज घेतो आणि त्यावरून तारेची जाडी, मीटर, केबल, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर असे एकेक ठरवत जातो. तो दोन गोष्टींवर कधीच तडजोड करत नाही. एक म्हणजे अर्थिंग, आणि दुसरी म्हणजे गळती होताच वीज तोडणारे उपकरण. याला आरसीसीबी म्हणतात. घरोघर जुन्या ईएलसीबी नावानेच ते ओळखले जाते. साधा एमसीबी तारेला वाचवतो, तर आरसीसीबी माणसाला. ओल्या हाताने गिझरला धक्का बसला, तर ३० मिलिअँपिअर इतक्या अल्पशा गळतीवर ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावर एक छोटे ‘टेस्ट’ बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून वीज जाते की नाही, हे पाहावे. न गेल्यास वायरमनला बोलवायला उशीर करू नये.

श्वास घेणारे घर

हवा दिसत नाही, म्हणून तिचा हिशेबही सर्वांत शेवटी होतो. वाड्यांना चौक होते, कोकणातल्या घरांना उंच कौलारू छपरे होती. गरम हवा वर जाई, बाहेरची थंड हवा आत येई. आजच्या बंद खोल्यांत ही ये-जा मुद्दाम घडवावी लागते. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा ‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा’ हे सगळ्या जगाला नव्याने शिकावे लागले. वातानुकूलन अभियंत्यांची भारतीय संस्था ‘इशरे’ १९८१ पासून काम करते आहे. एसी वापरताना ताजी हवा आत घ्या, तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवा, अशा सूचना तिनेही त्या वेळी दिल्या होत्या.

एसीच्या बाबतीत लोकांच्या मनात ‘दीड टन’ या शब्दाचे मोठे कुतूहल असते. यंत्राचे वजन तर तेवढे नसते! पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितका थंडावा म्हणजे एक टन. हा हिशेब करताना खोलीचे क्षेत्रफळ तेवढे पाहून भागत नाही. पश्चिमेची भिंत किती, काच किती, माणसे किती, वर गच्ची आहे की दुसरा मजला, हे सगळे पाहावे लागते. ‘मोठा घेतला की बरा’ हा समज खोटा आहे. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो, त्यामुळे हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि वीजही वाया जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतील, असा नियम करण्यात आला.

हवेच्या बाबतीतली सर्वांत गंभीर चूक मात्र एसीत नाही, तर बाथरूममध्ये होते. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेली व्यक्ती गुंगी येऊन पडते आणि बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या जागी बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत न्यावा. या एका निर्णयावर घरातल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

आगीपेक्षा धूर वेगवान

१३ जून १९९७ रोजी दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात आग लागली. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून ती सुरू झाली होती, पण वर बाल्कनीत बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो धूर. जिन्यातून आणि एसीच्या डक्टमधून तो वर चढला. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. ५९ माणसे गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली आणि पुन्हा तेच घडले. धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि नव्वदच्या आसपास जीव गेले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले.

या घटना आठवल्या की इमारत-सेवांच्या इंजिनीअरचे काम केवळ सुखसोयींचे नाही, हे ध्यानात येते. पाइप आणि केबलसाठी ठेवलेली प्रत्येक उभी पोकळी आगीच्या वेळी धुराड्याचे काम करते. म्हणून प्रत्येक मजल्यावर ती आगरोधक मसाल्याने बंद करावी लागते. डक्टमध्ये आपोआप मिटणारी झडप लागते. उंच इमारतीच्या जिन्यात पंख्याने हवेचा दाब वाढवून ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी धूर आत शिरत नाही. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत माणसांना थांबण्यासाठी मोकळी सुरक्षित जागा ठेवायची असते. पण हे सारे करूनही जिन्याच्या आगरोधक दाराला कोणी दगड लावून ते उघडे ठेवले, तर? जिन्यात चपलांचे रॅक, जुने सोफे आणि सायकली रचल्या, तर? तर लाखो रुपयांची यंत्रणा त्या एका दगडापुढे हरते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा २००६ मध्ये झाला आणि डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. आपल्या सोसायटीने यंदाचे प्रमाणपत्र दिले का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

साइटवरची ओढाताण

असे हे जबाबदारीचे काम प्रत्यक्षात चालते कसे? अर्धा वेळ संगणकासमोर आणि अर्धा वेळ डोक्यावर हेल्मेट घालून साइटवर. नकाशात आर्किटेक्टला छत उंच हवे असते, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बीम खोल हवा असतो आणि या दोहोंच्या मधल्या हातभर जागेतून सांडपाण्याचे पाइप, एसीचे डक्ट, आग विझवण्याचे नळ आणि केबलचे ट्रे न्यायचे असतात. तिथे एक न लिहिलेला नियम चालतो. पहिला मान सांडपाण्याच्या पाइपाला. कारण वीज कुठेही वळते, दाबाखालचे पाणी वर-खाली जाते, पण सांडपाण्याला उतारच लागतो. त्यानंतर मोठे डक्ट आणि मग बाकीचे.

स्लॅब पडण्याआधीचा दिवस सर्वांत धावपळीचा. सळ्यांच्या जाळीत विजेच्या नळ्या टाकून झाल्या का? पाइप जायच्या जागी स्लीव्ह ठेवले का? एक जरी राहिले, तर नंतर तयार काँक्रीटला भोक पाडावे लागते, आणि ते चुकीच्या जागी पडले तर सळई तुटते. काँक्रीट कोणासाठी थांबत नाही. एकदा ट्रक आला की आला! म्हणून रात्री उशिरापर्यंत विजेरी घेऊन स्लॅबवर फिरणारे इंजिनीअर कोणत्याही साइटवर दिसतील. या कामात आता मुलीही येत आहेत. त्यांच्या वाट्याला हे सगळे कष्ट तर असतातच, शिवाय स्वच्छतागृहापासूनच्या अडचणीही येतात. शेकडो घरांच्या मोऱ्या आखणाऱ्या मुलीला साइटवर स्वतःसाठी धड स्वच्छतागृह मिळू नये, याला काय म्हणावे!

पण खरी कसोटी वेगळीच असते. बांधकामाचा खर्च वाढला की कात्री कुठे लागते? दिसणाऱ्या संगमरवराला सहसा नाही. ती लागते न दिसणाऱ्या तारेला, पाइपाच्या जाडीला, धूर रोखणाऱ्या मसाल्याला. ‘कोण बघतंय भिंतीत?’ असे सहज विचारले जाते. अशा वेळी शांतपणे ‘नाही’ म्हणणारा आणि चाचणीच्या कागदावर खोटी सही न करणारा इंजिनीअर शेकडो कुटुंबांचा अज्ञात रखवालदार ठरतो. पाइपात नेहमीच्या दीडपट दाबाने पाणी भरून ठेवायचे आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच भिंत बुजवू द्यायची, या कामाला दिवस लागतात. म्हणूनच त्याला ‘काम अडवणारा’ अशी पदवीही मिळते.

या वाटेला जायचे असेल तर

बारावी विज्ञानानंतर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल शाखेची पदवी घेऊन या क्षेत्रात येता येते. दहावीनंतर पदविका करूनही अनेक जण येतात. मुंबईची व्हीजेटीआय ही १८८७ पासूनची, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासूनचे. अशा जुन्या संस्थांपासून तालुक्याच्या तंत्रनिकेतनापर्यंत पाया सगळीकडे मिळतो. कॉलेजात उष्णताशास्त्र, द्रवगतिकी आणि विद्युतशास्त्र शिकवतात, पण इमारत-सेवा हा सलग विषय म्हणून फारसा शिकवला जात नाही. तो सल्लागार कंपनीत, कंत्राटदाराकडे आणि साइटवर शिकावा लागतो. ‘इशरे’ किंवा १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन प्लंबिंग असोसिएशन’ यांची व्याख्याने आणि अभ्यासवर्ग उपयोगी पडतात.

कामाला मर्यादा नाही. रुग्णालये, मेट्रोची स्थानके, विमानतळ, संगणक केंद्रे, शीतगृहे आणि औषधांचे कारखाने, सगळीकडे हा इंजिनीअर लागतो. दुबई, दोहा, मस्कतमध्ये मराठी मुले या कामावर गेलेली आहेत. तिथे उन्हाळ्यात एसी बंद पडणे ही गैरसोय नव्हे, तर आणीबाणी असते. वीज वाचवणाऱ्या इमारतींसाठी भारतात २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन संहिता आली आणि २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर झाली. त्यामुळे पुढच्या पिढीला काम अधिकच आहे. मात्र, ज्याला नाव आणि कौतुक लगेच हवे, त्याने हा रस्ता धरू नये. इथे काम उत्तम झाले की कोणाच्या लक्षातही येत नाही!

घर घेताना हे अवश्य विचारा

• पाण्याची टाकी किती लिटरची आहे आणि आगीसाठीचा साठा वेगळा आहे का?

• माझ्या मजल्यावर पाण्याचा दाब किती असेल? खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आहेत का?

• माझ्या घरासाठी मंजूर वीजभार किती आहे? आरसीसीबी आणि अर्थिंग आहे का?

• पाइपांच्या डक्टमध्ये दुरुस्तीसाठी माणूस शिरू शकतो का, की भिंत फोडावी लागेल?

• वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडते का? तिचा परवाना आणि तपासणी झाली आहे का?

• जिन्याची दारे आगरोधक आहेत का? ती आपोआप मिटतात का?

• पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या लाइन प्रत्यक्ष जशा टाकल्या, तसे नकाशे ताबा देताना सोसायटीला मिळणार का?

• पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय आहे का? पुण्यासारख्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या गावी १०० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ७०,००० लिटरच्या आसपास पाणी पडते. ते गटारात सोडायचे की उपयोगात आणायचे?

हे प्रश्न ऐकून विक्रेता गोंधळला, तर गोंधळू द्यावे. त्याला उत्तर येत नसेल, तर ज्याला येते त्या इंजिनीअरला बोलवायला सांगावे. तहान लागल्यावर विहीर खोदण्यापेक्षा ताबा घेण्याआधी चार प्रश्न विचारणे केव्हाही स्वस्त. ग्राहकांनी भिंतीआडचे विचारायला सुरुवात केली की भिंतीआड काटकसर करण्याचे धाडसही कमी होईल, आणि साइटवर एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या इंजिनीअरच्या पाठीशी शेकडो घरे उभी राहतील.